टपाची पैज

कार्बोरेटर पार्सलने पाठवता आला असता. चिपळूणला माझं जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे, वडिलांनी सुरू केलेलं. खोके बांधणं हा माझा रोजचा धंदा. पण फोनवरच्या माणसाने सांगितलं, की भाग अँबॅसिडरसाठी हवा आहे आणि अँबॅसिडर शर्यतीत पळवायची आहे. अँबॅसिडर आणि शर्यत हे दोन शब्द एका वाक्यात मी आजवर ऐकले नव्हते. अँबॅसिडर म्हणजे मागच्या सीटवर डॉक्टर नाहीतर मामलेदार, आणि गाडी आपली डुलत चालली आहे. ती पळते? कोणाबरोबर? वडिलांच्या काळचा एक कोरा कार्बोरेटर वरच्या फळीवर तेलकट कागदात पडून होता. तो पिशवीत घातला आणि सकाळची बस पकडली. घरच्यांनी मला वेड्यात काढलं, पण त्यांना आता सवय आहे.

कुंभार्ली घाट चढून कराड, तिथून फलटण आणि मग बारामती. फलटण सुटल्यावर रस्ता जो सरळ झाला तो सरळच राहिला. आपल्याकडे दर वळणाला पुढे काय येईल याची धाकधूक असते; इथे पुढच्या अर्ध्या तासात येणारा ट्रॅक्टर आत्ताच दिसतो. दोन्ही बाजूंना तुरे आलेला ऊस. मला तर इतक्या सरळपणाने जांभया यायला लागल्या.

बारामतीच्या स्टँडवर मला न्यायला आल्या होत्या राबियाभाभी, फोनवरच्या माणसाची बायको. साठीला टेकलेल्या, डोक्यावर पदर, पायात बूट. त्यांचा मुलगा आसिफ याचा शहराच्या कडेला जळोचीत मंडप डेकोरेशनचा धंदा आहे आणि त्याची पिकअप भाभीच चालवतात. मागे लग्नाच्या खुर्च्यांची चवड होती. भाभींनी क्लच सोडला तशी मी सीटला चिकटले आणि मागे खुर्च्यांनी एकच कल्लोळ केला.

"घाबरू नगा ताई, खुर्च्या बांधल्यात," भाभी म्हणाल्या.

मला कोणी बांधलं नव्हतं. मी दाराची कडी धरून बसले ती त्यांचं गाव, सोमेश्वरनगर, येईपर्यंत.

गळिताचा हंगाम भरात होता. हवेत मळीचा आंबूस-गोड वास, रस्त्याच्या कडेला ऊसतोड मजुरांच्या कोप्या (पाचटाच्या झोपड्या), आणि एकामागे एक दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर. एका ट्रॅक्टरच्या मागे आम्ही बराच वेळ अडकलो. भाभी शिव्या देत नव्हत्या, पण ओठ हलत होते.

फोनवरचे ते शमशूचाचा दारातच उभे होते. उंच, किडकिडीत, हात कोपरापर्यंत काळे. उभी हयात त्यांनी ऊस वाहिला. आता ट्रॅक्टर सोडलाय. कार्बोरेटर हातात घेऊन त्यांनी तो कानाशी हलवून पाहिला आणि चहाच्या आधी मला गाडी दाखवायला नेलं.

गाडी निळी होती. कधी काळी ती कुठल्याशा साहेबांची होती आणि रोज चाचांच्या ट्रॅक्टरला धूळ चारत पुढे जायची. साहेब गेले, गाडी भंगारात आली, आणि चाचांनी ती भंगारवाल्याच्या आवारातून ओढून घरी आणली. पत्रा ठोकला, रंग स्वतः मारला, इंजिन सतरांदा उतरवून चढवलं. मागची सीट वजनासाठी काढलेली. बाकी सगळं जसंच्या तसं, दाराच्या हँडलांपर्यंत. मी जुन्या गाड्या पुष्कळ बघते. इतक्या मायेने केलेल्या थोड्याच बघितल्या आहेत.

"आन् ही पळती?" मी त्यांच्यासारखंच बोलून बघितलं.

"पळती की! पर अजून जिंकली न्हाय."

शर्यत कसली ते जेवताना आसिफने समजावलं. सरळ रस्ता, दोन जुन्या गाड्या शेजारी शेजारी, पहिल्या खांबापासून शेवटच्या खांबापर्यंत. वळण नाही, चढ नाही. आपल्याकडे अशी शर्यत भरवायची तर आधी डोंगर हलवावा लागेल. समोर असते इंदापूर तालुक्यातल्या अंथुर्ण्याच्या सर्जेरावतात्यांची जीप. तात्या आणि चाचा जुने दोस्त. दर हंगामात ही शर्यत होते आणि दर हंगामात चाचा हरतात.

"आन् यंदा अब्बांनी शब्द दिलाय," आसिफ म्हणाला. "यंदा गाडी हरली, तर टप कापायचा."

टप कापलेल्या जुन्या गाडीला लग्नात फार मागणी. नवरदेव उभा राहतो, फुलांच्या माळा सोडतात, वरात निघते. आसिफ दोन वर्षं मागे लागला होता. चाचा खाली मान घालून भाकरी मोडत होते. एकदा टप कापला की तो परत जोडून काही उपयोग नाही, हे मला सांगायला नको होतं. मी आणलेल्या त्या कार्बोरेटरकडे सगळे का बघत होते, ते मला तेव्हा कळलं.

सकाळी कार्बोरेटर बसवून आम्ही अंथुर्ण्याला निघालो. तात्यांनी माळावर प्लॉट पाडून विकायला काढले होते आणि त्यासाठी सिमेंटचा रस्ताही केला होता. प्लॉट गेले नाहीत, रस्ता राहिला. पांढराफटक, सुतासारखा सरळ, दोन्ही बाजूंना विजेचे खांब आणि माणूस नाही.

तात्या हातात बादली घेऊन उभे होते. बादलीत काकवी. आपण घावनाबरोबर खातो तीच, त्यांच्या स्वतःच्या गुऱ्हाळातली. ती पाण्याने थोडी सैल करून त्यांनी पहिल्या खांबापाशी रस्त्यावर ओतली आणि खराट्याने पातळ पसरली.

"हे कशाला?" मी विचारलं.

"टायर घसरला की शर्यत गेली, ताई. ऊन लागलं की ही अशी चिकाट हुती, टायरला धरूनच ठिवती. बघा पाय ठिवून."

मी पाय ठेवला. पाय आला, चप्पल आली नाही. तात्या पोट धरून हसले आणि दोन्ही हातांनी ओढून त्यांनी ती सोडवून दिली. दिवसभर मी चालले तिथे माझ्यामागून मुंग्या आल्या.

मी परगावची, मला कोणाचं काही नाही, म्हणून पंच मला केलं. शेवटच्या खांबापाशी उभं राहायचं आणि पहिलं नाक कोणाचं आलं ते सांगायचं. आधी एक सरावाची फेरी होती. आसिफने टॉवेल खाली टाकला. जीप उसळून निघाली. अँबॅसिडर मात्र पोटातलं पाणी हलू न देता निघाली, एखाद्या बाळंतिणीला घरी नेत असल्यासारखी. मग तिने जो वेग धरला तो बघून मी चाटच पडले. इंजिनाचा आवाज एकसारखा, खणखणीत; माझा कार्बोरेटर छान काम करत होता. पण तोवर जीप माझ्यासमोरून गेली होती. गाडी पळण्यात कमी नव्हती, निघण्यातच हरत होती.

जेवायला तात्यांच्या गुऱ्हाळावर बसलो. भाकरी, भरली वांगी, आणि कोकणातली पाहुणी म्हणून खास चिलापी (उजनीच्या पाण्यातला मासा) तळून आणलेली. गोड्या पाण्याचा मासा बिचारा, त्याला मी नावं ठेवली नाहीत. चाचांच्या ताटाला हात लागला नव्हता.

"चाचा, क्लच एकदम सोडा ना," मी न राहवून म्हणाले.

"सोडतो की."

"न्हाय सोडत," राबियाभाभी म्हणाल्या. "त्यांना वाटतंय सोडला."

चाचांनी ताट पुढे सरकवलं. मग म्हणाले, "हंगाम संपला की ऊसतोडीची टोळी गावाला सोडायची आसायची, ताई. सगळा संसार ट्रॉलीवर. पातेली, कोंबड्या, वर बायका, त्यांच्या मांडीवर लेकरं. झटका बसला की कोण तरी खाली. मी लई हळू काढायचो."

"ह्यांच्या ट्रॉलीवरनं कधी कोण पडलं न्हाय," भाभी म्हणाल्या.

"डोक्याला कळतंय, आता मागं कोण न्हाय म्हणून. पायाला न्हाय कळत."

चाचांनी खिशातून गाडीची किल्ली काढली आणि भाभींच्या ताटाशेजारी ठेवली.

"तू बस."

"मी? वरीसभर तुमी तिच्याखाली झोपलाय, आन् ऐन वक्ताला मी बसू? तुमची हौस हाय ती."

"मी बसलो तर टप जातोय, राबिया."

तात्यांनी आसिफकडे बघितलं. टप गेला तर फायदा आसिफचाच होता. तो भाकरीचा तुकडा तसाच हातात धरून म्हणाला, "गाडी हरली तर, असं ठरलंय. कोण चालवतंय ते ठरलं न्हवतं." मला हा मुलगा एकदम आवडला. आणि चाचांकडे बघून फार वाईट वाटलं. हौस ज्याची, त्यानेच उठून जागा द्यायची, आणि तीही जेवता जेवता.

दुपारी ते माझ्याबरोबर शेवटच्या खांबाकडे चालत निघाले. दर चार पावलांवर मागे वळून बघत होते. अर्ध्यावर एकदम थांबले. "तिची सीट पुढं घ्यायची ऱ्हायली!" म्हणून परत फिरणार, इतक्यात लांबून भाभींनी खिडकीतून हात हलवला. सीट त्यांनी केव्हाच पुढे घेतली होती.

टॉवेल पडला. खुर्च्यांना आणि मला जो झटका दिला होता, तोच भाभींनी अँबॅसिडरला दिला. गाडीचं नाक वर झालं, काकवीतून टायर फाटल्यासारखे सुटले, आणि दोन्ही गाड्या एका रेषेत आमच्याकडे यायला लागल्या. कोण पुढे ते कळेना. निळा पत्रा उन्हात चमकत होता. आवाज पायांतून वर चढला. चाचांनी माझं मनगट घट्ट धरलं, आणि मी त्यांच्याकडे बघितलं.

तिथेच चुकलं. त्यांच्या तोंडाचा आ झाला होता, डोळे विस्फारले होते, आणि इतका आनंदलेला म्हातारा माणूस मी जवळून कधी बघितला नव्हता. अंगावरून वारा गेला, धूळ आली. धूळ खाली बसली तेव्हा लक्षात आलं, की पंच म्हणून मला एवढीच एक गोष्ट बघायची होती आणि ती मी बघितलेली नाही.

सगळे माझ्याभोवती जमले. तात्या जीपमधून उतरले. "मला बाजूचं काय बी दिसलं न्हाय. सांगा ताई, कोण?"

भाभींचं कपाळ घामाने थबथबलं होतं. आसिफ टॉवेल पिळत होता. 'अँबॅसिडर' हा शब्द माझ्या जिभेवर तयार होता. मी दुकानदार बाई आहे, खोटं बोलायला घाबरत नाही. आणि या खोट्याने कोणाचं काय बिघडणार होतं? मी तोंड उघडलं, तोच चाचा बोलले.

"जीप. हातभर नाक पुढं हुतं."

"नीट बघितलंत?" भाभींनी विचारलं.

"नीट बघितलं." आणि मग त्यांचा आवाज फुटला. "पयल्यांदा बघितलं, राबिया. आत बसून काय दिसतंय? बॉनेट. भायेरनं ही कशी पळती, मला म्हाईतच न्हवतं गं." ते हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. भाभींनी पदराने त्यांचं तोंड पुसलं, सगळ्यांच्या देखत.

दुसऱ्या दिवशी जळोचीत, आसिफच्या गोडाउनसमोर, चाचांनी स्वतः खडूने टपावर रेघ मारली. आसिफने कटर हातात घेतला आणि परत खाली ठेवला. "अब्बा, ऱ्हाऊ द्या की." "शब्द दिलाय," चाचा म्हणाले. माझ्या बसची वेळ झाली होती. गल्ली संपेपर्यंत पत्रा कापल्याचा आवाज येत होता, आणि मला तो अजिबात ऐकवत नव्हता.

परतीच्या वाटेवर घाट लागला, वळणं सुरू झाली, आणि मी विचार करत बसले. ज्याच्यासाठी आपण जीव टाकतो, ते बाहेरून कसं दिसतं हे बघायला आपण बाहेर येतोच कधी? माझं दुकान मी रस्त्यापलीकडे उभं राहून कधी बघितलं नव्हतं. आल्यावर मुद्दाम पलीकडे जाऊन बघितलं. पाटी वाकडी आहे.

परवा चाचांचा फोन आला. क्लच प्लेट आहे का, विचारत होते.

"वरातीत क्लच प्लेट झिजते होय, चाचा?"

"वरातीला न्हाय. टप गेल्यापास्नं गाडी हलकी झालीया, ताई. सर्जेरावाला सांगून टाकलंय. राबियाच बसणार, मी खांबापाशी."

"मग मी पंच म्हणून येते."

"बघायला या की. निकाल मी देईन. तुमी गाडीकडं बघत न्हाय."