समोरच्यांची मॅकरोनी

वाशीच्या खाडीपुलाच्या अलीकडे आणि पलीकडे, दोन्हीकडची माणसं धरली तरी आमच्या समोरच्यांइतका काळजी करणारा माणूस सापडायचा नाही. समोरचे म्हणजे आमच्या दारासमोरच्या ब्लॉकमध्ये राहणारे गृहस्थ. त्यांना चांगलं नाव होतं, दारावर पाटीही होती, पण मी ‘समोरचे, समोरचे’ करत राहिले आणि अख्खी सोसायटी त्यांना तेच म्हणायला लागली. त्यांच्या डोक्यावर राहणारे वरच्या मजल्यावरचे लोकसुद्धा. रबाळ्याच्या एका कारखान्यात ते स्टोअर सांभाळायचे. सकाळी बसस्टॉपपर्यंत गेले की गॅस बंद केला का, ते बघायला परत यायचे, आणि तो बंद बघून पुन्हा स्टॉपवर गेले की आता कुलूप लावलं का, म्हणून परत यायचे. टाकीत पाणी चढलं नाही की काळजी, चढलं की टाकी वाहील ही काळजी. एकदा जिन्यात मला थांबवून अगदी खालच्या आवाजात म्हणाले, “वहिनी, आज सकाळपासून सगळं नीट चाललंय. मला काय हे लक्षण बरं दिसत नाही.” मी हसले, तर मी हसले का याचीही काळजी करत कामाला गेले.

पण एका काळजीला मात्र मला कधी हसता आलं नाही. त्यांची बायको मोठी हसरी, माझी मैत्रीणच. राहायला आल्यावर वर्षभरातच तिला कावीळ झाली आणि बघता बघता गेली बिचारी. मागे राहिली शुभी, पहिलीत जाणारी, एवढीशी. आणि या शुभीने जेवणच टाकलं. म्हणजे रडणं नाही, ओरडणं नाही. ताटावर बसायची, भात चिवडायची, भाजीचा घास तोंडात धरून बसायची आणि मग उठून मोरीत थुंकून यायची. बाप तिच्या समोर, तोही उपाशी. त्या दिवसांत मला रोज सकाळी उठल्याबरोबर पहिला विचार यायचा, आज तरी कार्टीने काही खाल्लं असेल का. हातांच्या नुसत्या काड्या झाल्या होत्या तिच्या. समोरचे तिला वाण्याकडे नेऊन धान्याच्या काट्यावर बसवायचे. वाणी बिचारा गहू उतरवून तिचं वजन करून द्यायचा आणि वजन वाढलेलं नसलं तरी “थोडी वाढली हां, शेट” म्हणायचा. डॉक्टरांनी तिला तपासली आणि म्हणाले, मुलीला काही आजार नाही, तुम्हालाच झोपेची गोळी लिहून देतो. ती गोळी घेतली आणि झोप लागली तर मुलीकडे कोण बघणार, म्हणून यांनी घेतलीच नाही.

त्याच वाण्याने एके दिवशी मॅकरोनीचं पाकीट यांच्या गळ्यात मारलं. आमच्या भागात तेव्हा ती वस्तू कोणी घेत नसे. ‘वाकड्या नळ्या’ एवढीच तिची ओळख. “उकळा न् खा, एकदम इझी,” वाणी म्हणाला. समोरच्यांनी ती तांदळासारखी धुऊन कुकरला लावली आणि पक्कं शिजायला हवं म्हणून शिट्ट्यांवर शिट्ट्या काढल्या. झाकण उघडलं तर आत अस्सल खळ! त्या खळीने त्यांनी शुभीच्या शाळेच्या पुस्तकांना कव्हरं चिकटवली, आणि खरं सांगते, ती वर्षभर सुटली नाहीत. दुसऱ्या खेपेला मी उभी राहून दाखवलं: पाणी उकळू द्या, मीठ टाका, नळी बोटाने दाबून बघा, चाळणीत ओता, वर तूप आणि चिमूटभर मिरपूड. शुभीने एक नळी उचलली, तिच्या भोकातून बापाकडे बघितलं, आणि खाल्ली. मग दुसरी. मग ताटली पुसून खाल्ली. समोरचे स्वयंपाकघराच्या दारात चाळणी हातात धरून उभे, डोळ्यांना धारा. मी म्हटलं, “अहो, चाळणीतलं पाणी पायावर सांडतंय.” ते त्यांना कळलंच नाही.

झालं, त्या दिवसापासून त्या घरात मॅकरोनीचं राज्य सुरू झालं. कारखान्यातून दमून आलेल्या माणसाला अर्ध्या तासात करता येईल असं तेवढंच होतं, आणि मुलगी खाईल असंही तेवढंच. तुपातली मॅकरोनी, मेतकूट लावलेली मॅकरोनी, जिऱ्याची फोडणी दिलेली मॅकरोनी, पगाराच्या दिवशी वर डब्यातलं चीज किसून. पाडव्याला मॅकरोनीची खीर. पण काळजी कमी झाली म्हणता? छे! आता वाणी मॅकरोनी मागवायची बंद करेल ही काळजी. म्हणून पाकिटं आणून डबे भरले. मग डब्यांत किडे होतील ही काळजी, म्हणून दर रविवारी गच्चीवर चादर पसरून मॅकरोनीला ऊन. बायका पापड-कुरडया वाळवायच्या आणि त्यांच्या मधोमध समोरचे छत्री घेऊन कावळे हाकत बसलेले. नुसत्या मैद्यावर पोर वाढेल का, हाडं धरतील का, ही काळजी तर रोजचीच. “वहिनी, हिचं पुढं लग्न झालं आणि सासरी मॅकरोनी करत नसले तर?” पोर दुसरीत!

सोसायटीतल्या बायकांना आईविना पोरीची माया. कोणी वाटीभर मटकीची उसळ पाठवायची, कोणी अळूचं फदफदं, कोणी सांजा. शुभी त्याला हात लावायची नाही, समोरचेच ते खायचे. पण वाटी? आपल्यात शेजाऱ्याची वाटी रिकामी परत करत नाहीत. समोरचे तर असल्या बाबतीत फारच काटेकोर. आणि करता तर एकच पदार्थ यायचा. तेव्हा ज्या ज्या घरून वाटी आली, त्या त्या घरी ती मॅकरोनीने भरून परत गेली. आमच्या बिल्डिंगीतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनी, ज्यांना पाव खाल्ला तरी बाटल्यासारखं वाटायचं, त्यांनी ती मॅकरोनी मुकाट्याने खाल्ली. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी एकादशीला वाटी घेऊन माझ्याकडे आल्या, “अगो, ही नळी उपासाला चालते काय?” शेवटी बायकांनी शक्कल काढली: वाटीच पाठवायची नाही. भाजी केळीच्या पानात बांधून, वड्या वर्तमानपत्रात गुंडाळून. परत करायला भांडंच नाही! आठवड्याभरात समोरचे माझ्या दारात, चेहरा उतरलेला. “वहिनी, लोक वाट्या पाठवायचे बंद झाले. आमचं काय चुकलं का हो?” मला इतकं वाईट वाटलं की मी तिथल्या तिथे माझीच एक वाटी त्यांच्या हातात दिली. संध्याकाळी ती भरून आली, आणि आमच्या ह्यांनी आणि मी, आम्ही दोघांनी ती संपवली.

शाळेची सहल उरणला गेली, मोऱ्याच्या धक्क्यावर लाँचेस बघायला. शुभीच्या डब्यात अर्थातच मॅकरोनी. मुलं बसमधून गेली आणि समोरच्यांच्या मनात आलं, उन्हाने डबा आंबला तर? रजा टाकली, नवी मॅकरोनी केली, दुसरा डबा घेतला आणि एसटीने निघाले मागोमाग. धक्क्यावर हा माणूस घामाघूम, डबा छातीशी धरून पळत येताना बघून शाळेच्या बाई मटकन खालीच बसल्या. त्यांना वाटलं, कोणाच्या तरी घरून वाईट निरोप आला. शुभी मात्र शांत. “बाबा आले ना,” ती म्हणाली, “चला, मग जेवू या.” हे मला बाईंनीच नंतर सांगितलं.

अशी वर्षं गेली. शुभी उंच झाली, वेण्या कमरेपर्यंत आल्या, म्हणजे हाडं काही मैद्याने अडवली नव्हती. आणि सातवीत असताना एक दिवस ती करावे गावातल्या मैत्रिणीकडे गेली. संध्याकाळी त्या मैत्रिणीची आई तिला पोचवायला आली आणि जिन्यातूनच म्हणाली, “पोर गुनाची हाय तुमची. जवला न् भाकर खाल्ली, वर अजून मांगितली!” समोरच्यांनी कठडा धरला. पहिला प्रश्न, “काटा नाय ना लागला?” जवळा म्हणजे एवढीशी बारीक कोलंबी, तिला कसला आलाय काटा!

पुढच्या रविवारी शुभी अभ्यासाला माझ्याकडे बसली होती. मी वांग्याचं भरीत केलं होतं. तिने आपणहून ताट घेतलं, भाकरी मोडली आणि खायला लागली. मी बघतच राहिले. न राहवून म्हटलं, “काय गं कार्टे, इतकी वर्षं भाजी पुढे केली की तोंड फिरवायचीस. आताच काय झालं?”

ती म्हणाली, “काकू, आधी कुणाचीही भाजी तोंडात घातली की वाटायचं, आईची अशी नव्हती. घास खालीच जायचा नाही. मॅकरोनी आईने कधी केलीच नव्हती ना, म्हणून तिचं काही वाटायचं नाही.”

“आणि आता गं?”

“आता आठवतच नाही, आईची भाजी कशी लागायची ते.” एवढं बोलून तिने मान खाली घातली. “खूप आठवून बघते. नाही आठवत.”

मी वर बघते तो समोरचे अर्धवट उघड्या दारात उभे. केव्हापासून उभे होते, देव जाणे. मला वाटलं, आता हा माणूस कोसळणार; शुभीने जेवण टाकलं होतं तेव्हा जो चेहरा होता, तोच मला पुन्हा बघावा लागणार.

पण ते सरळ आत आले, शुभीच्या शेजारी पाटावर बसले आणि म्हणाले, “वहिनी, आमाला पण वाढा की.” मी वाढलं. त्यांनी घास घेतला, नीट चावला, गिळला. “शुभे,” ते म्हणाले, “तुझ्या आईच्या हातचं भरीत अगदी असंच लागायचं बघ.”

शुभीने मान वर केली. “खरंच बाबा? असंच?”

“अगदी असंच.”

तिची आई रत्नागिरीकडची. तिच्या भरतात ओलं खोबरं आणि दही असायचं. मी खाल्लं होतं ना तिच्या हातचं, एकदा सोडून अनेकदा. माझं भरीत आमच्या घाटावरचं, दाण्याचं कूट आणि हिरव्या मिरचीचा ठेचा घातलेलं. एकाचा दुसऱ्याशी काडीचा संबंध नव्हता. हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. ज्या माणसाने जन्मभर गॅस बंद केल्याचीही खात्री धरली नाही, त्याने ही एवढी गोष्ट डोळ्याला डोळा देऊन, न अडखळता सांगितली.

शुभीने ताट पुढे केलं. “काकू, अजून वाढा.” मी होतं नव्हतं ते सगळं भरीत तिच्या ताटात घातलं. यावेळी तिने घाई केली नाही. एकेक घास तोंडात घेऊन, डोळे मिटून, हळूहळू खात बसली, आणि आम्ही दोघं मोठी माणसं तिच्याकडे बघत राहिलो.