मनगटावरचा शिक्का

वडीगोद्रीच्या टपालकचेरीत श्रीपती मास्तरांनी चोवीस वर्षं काढली. साऱ्या गावाची पत्रं त्यांच्या हातून गेली. लेकीबाळींची खुशाली, मयताच्या खबरा, लग्नपत्रिका, कोर्टाची समन्सं. एवढ्या वर्षांत त्यांच्या स्वतःच्या नावानं पत्रं आली ती दोन, आणि दोन्ही सायकलवाल्यांची. मास्तरांना स्वतःला सायकल चालवता येत नव्हती, हे आधीच सांगून टाकतो.

त्यांची बायको शरयू मानमोडीच्या तापाच्या साथीत पाच दिवसांत गेली. मूलबाळ झालेलं नव्हतं. जिथं आपल्याला कुणी ओळखत नाही अशा ठिकाणी जावं, म्हणून मास्तरांनी जालन्याहून बदली मागून घेतली. सरकारनं लगेच मंजूर केली. मग मात्र खरोखरच त्यांना कुणी ओळखेना. लोक खिडकीशी येत, "आमचं काही आलं का?" विचारत आणि चालू लागत. मास्तर, तुम्ही कसे आहात, हे विचारायला टपालाच्या खिडकीशी कोण येतं? संध्याकाळी ते दोन भाकऱ्यांचं पीठ मळायचे, एक खायचे आणि एक सकाळसाठी झाकून ठेवायचे.

त्यांना सायकलच्या शर्यतींचं वेड लागलं ते वर्तमानपत्रामुळे. गावातले किराणा दुकानदार रामनिवास यांच्या नावानं मुंबईचा पेपर यायचा. त्यावरची कागदी पट्टी न फाडता अलगद सरकवून काढायची, पेपर वाचायचा आणि पट्टी पुन्हा चढवायची, ही कला मास्तरांना साधली होती. रामनिवासशेटना ते पक्कं ठाऊक होतं. पेपर हातात पडला की तो न उघडताच ते विचारायचे, "बोला मास्तर, आज काय छापलंय?" मास्तरही निर्लज्जपणे सांगायचे. त्यातच कधीतरी फ्रान्स देशातल्या शर्यतीची बातमी आली. महिनाभर लोक सायकलवरून अख्ख्या देशाला फेरा घालतात, डोंगर चढतात, आणि त्यांना त्याचा पगार मिळतो! मास्तरांनी ती बातमी तीनदा वाचली.

आणि नशीब बघा, तसलीच शर्यत एक दिवस त्यांच्या दाराशी आली. जालन्याचे जिनिंगवाले नथमलशेट आणि त्यांच्या बरोबरीचे दोन-तीन व्यापारी यांच्यात चढाओढ लागली. कापसाचा हंगाम उतरला की जालना ते वडीगोद्री आणि परत, अशी साठ मैलांची शर्यत त्यांनी सुरू केली. सायकलवाले त्यांच्या पदरी पगारावर असत. जिनिंगच्या हजेरीत नाव हमालाचं, काम मात्र सायकल हाकण्याचं. पहिल्याच वर्षी दोघं बहाद्दर अर्ध्या वाटेवरच्या अंबडहूनच मागं फिरले आणि आपण वडीगोद्रीला शिवून आलो म्हणून शपथा खाऊ लागले. तेव्हा पंचांनी नियम काढला. वडीगोद्रीला प्रत्येकानं थांबायचं आणि टपालाचा तारखेचा शिक्का मनगटावर मारून घ्यायचा. सरकारी शिक्क्याची नक्कल करायला कोण धजणार? तहसीलदारांनी मान डोलावली आणि मास्तरांना काम लागलं.

शर्यत शुक्रवारी असायची, कारण निजामी राज्यात सुट्टी शुक्रवारची. मास्तर पहाटे अंघोळ करून कोट चढवत, शिक्क्याची अक्षरं टाचणीनं कोरून साफ करत, काजळी शाई दोनदा घोटत. आणि मग अंबडच्या रस्त्यावर पहिली धूळ दिसायची. त्या धुळीतून दरवर्षी एकच माणूस आधी बाहेर पडायचा, नथमलशेटचा बद्रीनाथ. काळाशेला, लांब पायांचा, हसरा गडी. खाडकन उतरायचा, मनगट पुढं करायचा आणि ओरडायचा, "मारा शिक्का मास्तर, अन् घाला मला थैलीत!" मास्तर शिक्का मारत. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. अर्ध्या मिनिटात तो पुन्हा धुळीत जायचा. त्या अर्ध्या मिनिटावर मास्तर वर्ष काढायचे. हे लिहायला सोपं आहे, पण ज्याला घरी गेल्यावर बोलायला भिंत आहे त्यालाच ते कळेल.

एका वर्षी शर्यतीनंतर आठ दिवसांनी टपालाच्या थैलीतून कार्ड निघालं. 'श्रीपती मास्तर, वडीगोद्री.' कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं. 'तुमचा शिक्का आठ दिवस घासला तरी निघाला न्हाई. पुढच्या साली भेटू. बद्रीनाथ.' मास्तरांनी रीतसर त्यावर पोहोचल्याचा शिक्का मारला. मग दाराबाहेर जाऊन उभे राहिले, आपल्याच नावाची हाक मारली आणि आत येऊन कार्ड घेतलं. कुणी बघितलं नाही, बरं झालं.

त्याच साली पावसाळ्यात पेपरात वेगळीच बातमी आली. फ्रान्सच्या शर्यतीतल्या काही सायकलवाल्यांनी म्हणे स्वतःच पेपरवाल्याला खिशातल्या औषधाच्या बाटल्या आणि गोळ्या काढून दाखवल्या होत्या. यावरच आम्ही धावतो, म्हणाले. मास्तरांना तोंडात मारल्यासारखं झालं. "आपल्याकडं असलं काही न्हाई," ते रामनिवासशेटना तावातावानं म्हणाले. "आपला बद्रीनाथ दुधावर अन् भाकरीवर पळतो." शेट नुसते "बराबर" म्हणाले आणि तराजूकडे वळले.

पण कुजबुज सुरू झालीच. ती केली कडूबानं. हा कुंभार पिंपळगाव नावाच्या गावचा माणूस. बांगड्यांची पेटी सायकलला बांधून आठवडी बाजार करायचा, कुणाच्या पगारावर नव्हता. शर्यतीत दरवर्षी दुसरा यायचा. चढावर बद्रीनाथ पागोट्यातून काहीतरी काढून तोंडात टाकतो, हे आपण डोळ्यांनी पाहिलं, असं तो म्हणू लागला. गोळी कुचल्याची होती म्हणे. हकीम लोक ती थकल्या हातापायांना देतात. थोडी घेतली तर अंगात वारं भरतं आणि जास्त झाली तर माणूस आकडी येऊन मरतो. लोक कडूबाला हसले. नथमलशेट चिडले. पंचांच्या बैठकीत कडूबा उभा राहिला आणि म्हणाला, "वडीगोद्रीच्या मास्तरांना झडती घेऊ द्या. त्यांनी लाखबंद चिठ्ठीत लिव्हलं का बद्रीनाथ साफ हाये, तर म्या जिनिंगच्या दारात कान धरून माफी मागतो. शर्यत बी सोडतो." सगळ्यांना पसंत पडलं. मास्तर खोटं लिहिणार नाहीत, एवढी त्यांची पत होती.

ती सन अठ्ठावीसची शर्यत. धूळ दिसली, बद्रीनाथ उतरला, पण ओरडला नाही. मास्तरांनी त्याला कचेरीत घेतलं आणि दार लोटलं. त्याचा जबडा आवळलेला होता, डोळे लाल, मनगटाची शीर उडत होती. मास्तरांनी पागोट्याच्या घडीत बोट घातलं. कागदाची पुडी लागली. उघडली तर आत काळी गोळी होती.

"एक घेतली, ही परतीला," बद्रीनाथ म्हणाला. "मास्तर, पायात आता जीव राह्यला न्हाई. शेट दुसरा गडी बघून राह्यले. तुम्ही काही पाह्यलं न्हाई. तुम्ही माझे माणूस हाव ना?"

दहा वर्षांत मास्तरांना असं कुणी विचारलं नव्हतं. खरं सांगायचं तर दुसऱ्या कुणी हे शब्द उच्चारले असते तरी मास्तर विरघळले असते. हा तर बद्रीनाथ होता. त्यांनी पुडी मिटली आणि स्वतःच्या हातानं पागोट्याच्या घडीत परत खोचली. मग शिक्का मारला. मनगट इतकं उडत होतं की तारीख फिसकटली.

कडूबा सहा मिनिटांनी आला. कुणी सांगायच्या आधी त्यानं खिसे उलटे केले. शेंगदाणे आणि गुळाचा खडा. "बराबर लिव्हा मास्तर," एवढंच म्हणाला, पाणी प्याला आणि गेला. मास्तरांनी चिठ्ठी लिहिली. 'बद्रीनाथ याने पाण्याशिवाय काही घेतले नाही. झडतीत काही मिळाले नाही.' वर लाख ओतली, मोहर दाबली आणि पंचांच्या माणसाकडे दिली. अक्षर नेहमीसारखंच सुबक आलं होतं.

शर्यत बद्रीनाथनंच जिंकली. महिन्याभरात थैलीतून दुसरं पत्र निघालं. आपलं नाव पाहून मास्तरांनी बाकीचं टपाल बाजूला सारलं. बद्रीनाथचं असणार! पण ते पिंपळगावहून आलेलं होतं. 'म्या कान धरले, माफी मागितली. आता तुमची मागतो. तुम्हाला उगा मधी घातलं. तुम्ही लिव्हलं म्हणजी माझ्याच नजरेची चूक. पुढच्या सालापासून म्या शर्यतीत न्हाई. कडूबा.' या पत्रावर मास्तरांच्यानं शिक्का मारवेना. त्यांनी ते तसंच पेटीत, बद्रीनाथच्या कार्डाखाली ठेवलं.

पुढच्या वर्षी मास्तरांनी पुन्हा पहाटे कोट चढवला, शाई घोटली. बद्रीनाथ आला. मनगट पुढं केलं आणि मान दुसरीकडे वळवली. मास्तर शिक्का धरून थांबले, हा आता म्हणेल, आता म्हणेल. तो म्हणाला, "जल्दी." बस. ज्या माणसाला आपलं पाप ठाऊक आहे त्याच्याशी थट्टा करायला कुणाची जीभ उचलते? ज्यासाठी मास्तर खोटं बोलले तेवढंच नेमकं त्यांच्या हातून गेलं होतं. त्याच्या पुढच्या वर्षी बद्रीनाथ आलाच नाही. जिनिंगच्या फाटकावर बसून असतो, हात सारखे कापतात, असं कुणीतरी सांगितलं. शर्यतही दोन वर्षांत बंद पडली.

बद्रीनाथ आला नाही त्याच साली मास्तरांनी कडूबाला पत्र लिहिलं. 'गोळी मी पाहिली होती. चिठ्ठी खोटी होती.' पाकिटात घातलं, तिकीट लावलं आणि सकाळी कचेरीबाहेरच्या लाल पेटीत टाकलं. दुपारी तीनला पेटी उघडायची ती मास्तरांनीच. उघडली आणि आपलं पाकीट काढून खिशात घातलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकलं, पुन्हा काढलं. दुसऱ्याला एकदा पेटीत पडलेलं पत्र परत मिळत नाही, मास्तरांना मिळत होतं. किल्ली त्यांच्याच कमरेला होती ना! असं एक-दोन महिने नव्हे, बारा-तेरा वर्षं चाललं. कधी रोज, कधी सणावाराला. मला त्यांचा राग येतो आणि राग आला की त्यांची ती झाकून ठेवलेली भाकरी आठवते.

सन त्रेचाळीसमध्ये त्यांची नोकरी संपली. किल्ली नव्या मास्तरांच्या हातात दिली, बाहेर आले आणि पाकीट पेटीत टाकलं. या खेपेला ते काढणं त्यांच्या हाती उरलं नव्हतं. त्या दिवशी ते पोटभर जेवले.

पंधरा दिवसांनी नव्या मास्तरांनी हाक मारली, "श्रीपती मास्तर, तुमचं टपाल!" मास्तर धावत गेले. त्यांचंच पाकीट होतं, न फोडलेलं. इतकी वर्षं खिशात घासून तिकीट कधी गळून पडलं ते, जन्मभर तिकिटं हाताळणाऱ्या या माणसाला कळलं नव्हतं. पत्र बिनतिकिटाचं, म्हणजे बेरंग गेलं. घेणाऱ्यानं दुप्पट दाम भरायचे. बेरंग पत्रातून वाईट खबर येते म्हणून गरिबाघरी ते कुणी घेत नाही. कडूबानंही परत लावलं होतं.

दुसऱ्या दिवशी मास्तर कुंभार पिंपळगावच्या बाजाराला चाललेल्या एका गाडीत बसले. कडूबा घरापुढं ओट्यावर बांगड्यांची पेटी उघडून बसला होता. केस पांढरे, गुडघे सुजलेले. सायकल भिंतीला टेकलेली, तिच्यावर कोंबडी बसलेली. त्यानं आधी ओळखलं नाही. मग लगबगीनं उठला, आतून पाणी आणलं. "मास्तर! माझ्या घरी?"

मास्तरांनी पाणी घेतलं नाही. पाकीट फोडलं आणि उभ्यानंच वाचून दाखवलं. दोनच तर ओळी होत्या. वाचून झाल्यावर ते मान खाली घालून उभे राहिले. शिव्या येतील, हात उठेल, काहीही होवो.

कडूबानं पेटीतल्या बांगड्या पुसायला घेतल्या. मग म्हणाला, "मंग त्या साली पहिला म्या आल्तो?"

"हो."

"बराबर." तो आत घराकडे बघू लागला. "आमची घरवाली झुंबर म्हणायची, तुमची नजर चुकनार न्हाई, त्यानं गोळी खाल्लीच. दुनियेत तिनं एकलीनं माझ्यावर इस्वास ठेवला. म्याच तिच्यावर खेकसायचो, गप बस, मास्तर खोटं लिव्हत न्हाई म्हणून. ती मरस्तोवर खेकसलो."

"झुंबरबाई कधी गेल्या?" मास्तरांनी विचारलं.

"चार सालं झाली," कडूबा म्हणाला, आणि तांब्या पुन्हा पुढं करत म्हणाला, "पाणी घ्या. उन्हातून आलाव."