रुसक्या सुधाचा बिझनेस क्लास

माझ्या चेहऱ्याला आयुष्यात एकदाच सौंदर्याचा लेप लागला, आणि तो तसाच घेऊन मी विमानामागे धावलो.

साठी उलटलेला, वसईजवळ गोखिवऱ्याच्या फ्लॅटमध्ये पेन्शन खात बसलेला माणूस लेप कशाला लावून घेईल? तर मानासाठी! आमच्या घराण्यात रुसायचं खातं माझ्याकडे. कुठलंही कार्य असो, पानं मांडली रे मांडली की मी गॅलरीत, रस्त्याकडे तोंड करून उभा. बायको मंदा म्हणायची, "अहो, बसा की जेवायला." मी म्हणायचो, "ज्यांच्या घरचं कार्य, त्यांनी बोलवावं." मग माझा थोरला भाऊ, दादा, हातातलं काम टाकून यायचा. खांद्यावर हात ठेवायचा. "सुधा, चल रे. तुझ्यावाचून वरण अडलंय." चाळीस वर्षं हेच. दादाला कधी कंटाळा आला नाही. (मला तर नाहीच नाही!)

फक्त एकदा तो आला नाही. त्याच्या मुलाच्या, परागच्या लग्नात. आचोळ्याचा हॉल, व्याहीभेट चाललेली, नवरीच्या काकांना मी भेटायचं ठरलेलं. ऐन वेळी माझा फेटा भलत्याच माणसाच्या डोक्यावर चढला! मी गॅलरीत गेलो. दादा पाहुण्यांत अडकलेला. अर्धा तास वाट पाहिली आणि उपाशीपोटी रिक्षा करून घरी आलो. त्यानंतर दोन वर्षं दादाशी बोललो नाही. त्याचे फोन यायचे, मंदा घ्यायची, मी शेजारी बसून पेपर वाचायचो. एका फेट्यापायी!

मग एका दुपारी दिल्लीहून परागचा फोन. लग्नानंतर दादा त्याच्याकडेच राहायला गेला होता.

"काका, बाबांचं काही खरं नाही. डॉक्टर म्हणतात, आज-उद्या. सारखं तुमचं नाव घेतायत. उद्या सकाळचं तिकीट काढलंय, बिझनेस क्लासचं."

"अरे, एवढं कशाला? साधं चाललं असतं."

"बाबांनीच सांगितलं. म्हणाले, साधं पाठवलंस तर रुसेल तो."

फोन ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून ढसाढसा रडलो. मंदाने बॅग भरली, सगळ्यात वर सुकेळी ठेवली. वसईची ही वाळवलेली केळी म्हणजे दादाचा जीव की प्राण. ती त्याच्या पुढ्यात ठेवून मला एवढंच म्हणायचं होतं, "दादा, चुकलो." बाकी काही नाही.

विमानतळावर माझं तिकीट बघितलं आणि सगळ्यांची तोंडं गोड झाली. रांग वेगळी, दरवाजा वेगळा, बसायला गालिच्याची मोठी खोली. तिथली मुलगी वाकून म्हणाली, "वेलकम सर! आपके लिए स्पा फ्री है. फुट मसाज, फेशियल, बस बीस मिनट."

"नको गं. भाऊ आजारी आहे माझा."

"सर, आप कितने थके हुए लग रहे हैं!"

झालं! सरकारी नोकरीत छत्तीस वर्षं घासली, मी थकलोय हे कुणाच्या बापाला दिसलं नव्हतं. मी खुर्चीत आडवा. एकीने पाय हातात घेतले, एकीने तोंड. (मोज्यातून माझा अंगठा बाहेर आलेला, पण तिने तोही मोठ्या आदराने पुसला.) गालांवर थंडगार हिरवा लेप. मनात म्हटलं, दादा, बघ रे, मान म्हणतात तो असा!

समोर भिंतीवर पाटी होती: 'येथे विमानांच्या घोषणा केल्या जात नाहीत.' शहाण्या माणसाने काय समजायचं? की बाबा रे, घड्याळाकडे बघ. मी काय समजलो? बरोबरच आहे! मोठ्या माणसांना कुणी भोंग्यावरून हाका मारतं का? न्यायला माणूस येणार!

मंदाचा फोन आला. "बसलात का विमानात?"

"अजून बोलावलं नाही."

"अहो, वेळ होत आली! उठून बघा ना जरा."

"मी उठून बघू? अगं, बिझनेस क्लास आहे हा. ते येतील."

"अहो, तिथे कोण दादा बसलाय तुम्हाला बोलवायला?"

मी रागाने फोन ठेवला. आणखी दहा मिनिटं गेली. शेवटी शेजारच्या खुर्चीतल्या गृहस्थाने सहज विचारलं, "अंकल, दिल्ली? वो तो क्लोज हो रहा है."

मग जो धावलो! एका हातात बॅग, दुसऱ्यात बूट, पायांना तेल, तोंडाला लेप. पोरं आईला बिलगली. एक सफाईवाली "अगो बाय!" म्हणून बाजूला झाली. गेटवर पोचलो तर दार बंद. काचेपलीकडे विमान हळूहळू मागे चाललेलं.

"सर, तुमचं नाव तीनदा पुकारलं," गेटवरची मुलगी म्हणाली.

"पुकारलंत? मग न्यायला का नाही आलात?"

ती माझ्या हिरव्या तोंडाकडे बघतच राहिली. मी तिथेच खाली बसलो आणि रडायला लागलो, तसा लेप ओघळून शर्टावर आला.

त्याच कंपनीचं पुढचं विमान दुपारी एकचं. परागला फोन लावला, त्याने उचलला नाही. खरं सांगतो, मला बरंच वाटलं. काय सांगणार होतो त्याला? मागच्या बाजूला, संडासाला लागून जागा मिळाली. त्या जागेवरून रुसायचं मला सुचलंही नाही.

पराग हॉस्पिटलच्या दारातच उभा होता. "काका, दीड वाजता गेले."

सकाळच्या विमानाने तासभर तरी मिळाला असता. 'दादा, चुकलो' म्हणायला तासाचीही गरज नव्हती.

"सकाळी विचारत होते, सुधा बसला का. मी म्हटलं, बसला. तुमचं विमान चुकलंय हे मला काय माहीत! मग म्हणाले, पुढच्या सीटवर बसवलंय ना? मी हो म्हटलं. म्हणाले, मग आता रुसायचा नाही. नंतर बोललेच नाहीत."

दादाच्या पायांवर डोकं ठेवलं, तर माझ्याच गालांवरच्या लेपाचा, गुलाबपाण्याचा वास आला. इतकी शरम मला जन्मात वाटली नव्हती. सुकेळी बॅगेतच राहिली.

तेराव्याला सगळे आचोळ्याला, दादाच्या जुन्या फ्लॅटवर जमलो. पानं मांडली. माझे पाय आपसूक गॅलरीकडे वळले. रस्त्याकडे तोंड करून उभा राहिलो. आतून "वाढा, वाढा" ऐकू येत होतं. मंदा वाढण्यात, पराग पाहुण्यांत. खांद्यावर हात काही पडेना. बऱ्याच वेळाने मीच माझ्या खांद्यावर हात ठेवला, म्हटलं, "सुधा, चल रे." डोळे पुसले आणि आत गेलो.

पंगत उठली होती. हेही विमान गेलं! शेवटी आचाऱ्याच्या शेजारी बसलो आणि वरण माझं मीच वाढून घेतलं.