मोटारीच्या कमानी आणि विहीणबाईंचं दही

आमच्या मोटारीतून उतरलेल्या माणसाला ‘कुठून आलात?’ असं कुणी विचारत नसे. ‘कुठं लागलं?’ असं विचारत.

मोटार तशी खानदानी होती. ती मी एका जहागीरदारसाहेबांकडून घेतली. त्यांना शिकारीचा भारी नाद. मारलेली रानडुकरं आणि जिवंत दोस्त (वजन दोस्तांचंच जास्त) मागं घालून आणता यावेत म्हणून त्यांनी मागच्या चाकांवरच्या स्प्रिंगच्या कमानी मुद्दाम जाड करून घेतल्या होत्या. पाट्यावर पाटा, त्यावर आणखी पाटा. पुढं रान संपलं की दोस्त संपले कोण जाणे, मोटार विकायला निघाली. किंमत ऐकून मला वाटलं, आपण जहागीरदाराला फसवतोय. वकिलाला असं वाटायला लागलं की तो स्वतः फसला म्हणून खुशाल समजावं!

माझं घर पोखर्णीला आणि वकिली परभणीला निजामाच्या कोर्टात, म्हणजे मोटार रोजचीच. मी पडलो किडकिडीत. माझ्या वजनाची त्या कमानींनी कधी दखलच घेतली नाही. रस्त्यातला प्रत्येक धोंडा चाकातून निघायचा तो थेट माझ्या टोपीपर्यंत यायचा. शेरवानीच्या गुंड्या तुटायच्या. तोंडपाठ करून नेलेले उर्दू मुद्दे कोर्टात पोचेपर्यंत मागेपुढे व्हायचे आणि मी आधी दाद मागून मग तक्रार सांगायचो. सगळ्यात वाईट म्हणजे, मोठ्या कौतुकानं मी ज्या पक्षकारांना मोटारीत घेऊन जायचो, ते कोर्टाच्या दारात उतरल्या उतरल्या समोरच्याशी तडजोड करायचे. भावाला अर्धी विहीर द्यायला काय हरकत आहे, असं त्यांना वाटेतच पटायचं. शांतता नांदत होती, पण फी बुडत होती.

तरीही मी ते दिवस रेटले असते. पण आमची शांता बाळंतपणासाठी माहेरी यायची होती.

शांता आमची एकुलती एक. दिली होती बोरीला, चांगल्या शेतकरी घरात. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज. न्यायचं ते सातव्या महिन्यात. आठवा लागला की लेकीला वेस ओलांडू देत नाहीत, आणि नवव्यात पाठवायला तिच्या सासूबाईंचा मुळातच विरोध होता. म्हणजे आता नेली तर नेली. आमच्या घरी डिंक, आळीव, जुनी लुगडी फाडून केलेली दुपटी, सगळं तयार होतं. बायको रोज एकदा ती दुपटी उलगडून पुन्हा घडी घालायची.

मी आणायला गेलो तर विहीणबाईंनी मला ओसरीवर बसवलं, चहा दिला, आणि अगदी गोड आवाजात सांगितलं, “वकीलसाहेब, सुनंला धाडायला आमी न्हाई म्हनत न्हाई. पन त्या मोटारीत न्हाई. आमची दमणी हाय की, बैल चांगले हायेत.”

त्यांचंही बरोबर होतं. मागल्या वर्षी नरसिंहाच्या दर्शनाला त्या पोखर्णीला आल्या होत्या, तेव्हा मी आग्रह करकरून त्यांना मोटारीतून परभणीपर्यंत सोडलं होतं. वाटेत त्यांचं डोकं टपाला किती वेळा लागलं ते त्यांनी सांगितलं नाही. उतरताना फक्त नथ चाचपून पाहिली आणि म्हणाल्या, आम्ही आपली बैलगाडीची माणसं.

पण ओसरीवर गावातली चार माणसं बसली होती. अख्ख्या पंचक्रोशीत मोटार बाळगणाऱ्या वकिलानं स्वतःची लेक व्याह्यांच्या दमणीतून न्यायची? माझ्या तोंडून निघून गेलं, की नेईन तर मोटारीतूनच, कमानी बदलून आणतो.

विहीणबाईंनी जरा विचार केला. मग म्हणाल्या, “असं करा. सकाळी घरून निघताना गाडग्यात दूध विरजा आन मोटारीत ठिवा. माझ्या दारात याल तवा दही लागलेलं असंल, मोडलेलं नसंल, तर त्याच पावली लेक न्या.”

चार माणसं खूश होऊन माझ्याकडं बघायला लागली. मी शर्त कबूल केली. (कोर्टात मी पक्षकारांना असल्या शर्ती कधी कबूल करू देत नाही. तो सल्ला फीचा असतो.)

दुसऱ्या दिवशी परभणीच्या मिस्त्रीकडं मोटार नेली. हा मिस्त्री स्वतःला कमानींचा हकीम समजायचा. त्यानं मोटारीखाली शिरून प्रत्येक पाट्यावर हातोडी टिचकावली, आवाज ऐकला आणि बाहेर येऊन एखादी वाईट बातमी सांगावी तसा चेहरा केला. नवी नरम कमान हैदराबादहून मागवावी लागेल. ती येईपर्यंत माझा नातू शाळेत जाईल, आणि किंमत ऐकून मला शेत गहाण ठेवावंसं वाटेल. दुसरा उपाय म्हणजे आहेत त्याच कमानीतले काही पाटे काढून टाकायचे.

“सस्ता बी होता, आराम बी होता, साब. पत्ते निकाले तो मोटर झूले सरीखी चलती.”

मी म्हटलं, विचार करून सांगतो. आणि विचार करायला कोर्टातल्या वकील मंडळींत जाऊन बसलो, ही पहिली चूक. त्या खोलीत माझ्याशिवाय मोटार कुणाकडंच नव्हती, त्यामुळे मतं सगळ्यांकडं होती. एका बुजुर्ग वकिलांनी सांगितलं की दोष कमानीत नाहीच, टायरमधली हवा जास्त आहे. दुसऱ्यांनी पूर्वीच्या काळच्या मेण्यांचा दाखला देऊन सिद्ध केलं की वाहन वजनानं शांत होतं. हलकं वाहन उडतं. तिसरे म्हणाले, मोटार विकून टाका. त्यांच्याशी मी अजून बोलत नाही.

फुकटातला उपाय आधी करावा म्हणून मी हवा काढली. काय सांगू, परभणी शहराच्या बाहेर पडेपर्यंत लोण्यावरून चालल्याचा भास झाला! मग एका वळणावर मी वळलो आणि टायर सरळ गेला.

मग वजन. मागं ज्वारीची पोती घातली आणि आश्चर्य म्हणजे मोटार खरोखर शहाण्यासारखी चालायला लागली. मला वाटलं, जिंकलं. बायकोनं आत डोकावून विचारलं, “आन शांता कुठं बसायची? पोत्यावर?”

याचा विचार राहिला होता. म्हणजे वजन हवं, पण जागा कमी व्यापणारं आणि गरज पडली तर आपणहून सरकणारं. तसं वजन सुदैवानं घरातच होतं. माझे मेव्हणे बापूराव आंबे खायला म्हणून आले होते ते आंबे संपले तरी होते. देहानं असे, की पंगतीत त्यांच्या शेजारच्या दोघांना एकच पाट पुरायचा. मी त्यांना परिस्थिती सांगितली. भाचीसाठी वाटेल ते करीन म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून मागं बसून रोज माझ्याबरोबर कोर्टात यायला लागले. चपराशी त्यांना बडे वकील समजून सलाम करायचा आणि मला त्यांची पिशवी उचलायला सांगायचा.

मोटार पुष्कळ सुधारली, पण नाल्यांतून दही टिकण्याइतकी नाही. सातवा महिना सरत आला होता. तेव्हा मिस्त्रीचाही उपाय करून टाकला. त्यानं पाटे काढले, मोटार दाबून दाखवली, ती डुलली. मिस्त्री खूश झाला, मी खूश झालो.

बायको तेवढी खूश नव्हती. म्हणाली, “तुमी काय करायलात ते तुमाला कळायलंय का? एक तर दादाला उतरवा, न्हाई तर ते लोखंड परत घाला.”

मी तिला समजावून सांगितलं की ही साधी कायद्याची गोष्ट आहे. एका साक्षीदारानं दावा टिकतो, दोन असले तर भक्कम होतो. एका उपायानं इतका गुण आला, तर दोन्हींनी दुप्पट येणार. ती ऐकता ऐकता पुन्हा दुपटी उलगडायला लागली.

परीक्षेच्या दिवशी भल्या सकाळी निघालो. बायकोनं स्वतःच्या हातानं दूध विरजलं, गाडग्याला फडकं बांधलं आणि ते मांडीवर घेऊन ती पुढं बसली. मागं बापूराव. परभणी गेली, झरी गेली, मोटार अशी चालली होती की मी चक्क शीळ घालायला लागलो. बोरी जवळ आली. शेवटचा नाला लागला. मोटार खाली उतरली, वर चढू लागली, आणि मागून दोन आवाज झाले. आधी डावी कमान मोडली, मग उजवी. मोटार खाली बसली.

बापूराव म्हणाले, “भाऊजी, आता काईच हालत न्हाई बगा.”

मी चिडून बायकोकडं वळलो, तर ती गाडगं घेऊन खाली उतरली होती आणि एका कडुलिंबाच्या सावलीत जाऊन बसली होती. मला वाटलं भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं. ती गाडग्याकडं बघत हळू आवाजात म्हणाली, “माझ्या लेकीचं पहिलं बाळंतपन, आन तिला कळा यायच्या तवा मी न्हाई तिच्याजवळ. परवा आठवा लागायलाय.”

मला खरंच लाज वाटली. एवढे दिवस मी कमानी, हवा, वजन आणि ओसरीवरची चार माणसं यांचाच विचार करत होतो. दमणी तर पहिल्या दिवशीच जुंपायला तयार होती!

थोड्या वेळानं शेतातली माणसं जमली. त्यांनी सल्ला दिला नाही. बाभळीचे दोन ओंडके आणून सांगाडा आणि आस यांच्यामध्ये ठोकले, चऱ्हाटानं करकचून बांधले आणि पुढं बैलजोडी लावली. बापूरावांना पायी चालायला लावलं. बैल आपल्या चालीनं निघाले. अशा थाटात, उन्हं चांगली चढल्यावर, आमची मोटार बोरीत शिरली. मागं सगळं गाव.

विहीणबाई दारात उभ्या होत्या. बैलांकडं पाहिलं, ओंडक्यांकडं पाहिलं. बायकोच्या हातातून गाडगं घेतलं, फडकं सोडलं आणि गाडगं हळूच तिरपं करून पाहिलं. सकाळभर जे हिंदकळलं होतं ते दूध होतं. दही लागायला सुरुवात झाली ती लिंबाच्या सावलीत, आणि पुरतं लागलं ते बैलांच्या चालीवर. वरची साय जागची हलली नव्हती.

“लागलंय की,” विहीणबाई म्हणाल्या. “झाक लागलंय. शांताबाई, आवरा. आई आलीय.”

शांता आतून आली आणि आईच्या गळ्यात पडली. मी उगाच मोटारीचा टप पुसत राहिलो.

विहीणबाई माझ्याजवळ आल्या. “दमणी जुंपायला सांगू का?” त्यांनी विचारलं, आणि खरंच चांगल्या मनानं विचारलं.

पण ओसरीवर ती चार माणसं होती. मी म्हणालो, “शब्द मोटारीचा झालाय.”

“मग मोटारच न्या,” त्या म्हणाल्या. “बैल आमचेच ऱ्हाऊ द्या म्होरं.”

झरीला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी भर दुपारी आम्ही परभणीतून गेलो. कोर्टाचा दिवस होता. वकील मंडळी जेवणाच्या सुट्टीत व्हरांड्यात उभी होती, सगळी, त्या बुजुर्गांसकट. पुढं बैल, बैलांपुढं विहीणबाईंचा गडी, मागं पायी घामाघूम बापूराव, आणि मधे मी शेरवानी घालून दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसलेलो. कुणीतरी आदाबअर्ज केला. मी हॉर्न वाजवून उत्तर दिलं. बैल दचकून थांबले आणि कोर्टाच्या फाटकासमोरून हलेचनात.

अखेर गड्यानं चुचकारून त्यांना हलवलं. शांता आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती, ती पोखर्णीची वेस आल्यावर उठली. डोळे चोळत म्हणाली, “आण्णा, कसा धक्का म्हनून बसला न्हाई. किती छान चालवलीत तुमी मोटार!”

इतकी वर्षं मी मोटार चालवली. तारीफ झाली ती तेवढी एकदाच, ज्या दिवशी मी ती चालवली नव्हती.