तहकीकातमास्तरांचं थर्मामीटर

आमचे ड्रॉइंगचे मास्तर कुणाच्याही घरात शिरले की आधी भिंतीला तळहात लावायचे, मग रामराम करायचे. परभणीच्या शाळेत त्यांचं खरं नाव हजेरीपटापुरतंच होतं. "आधी तहकीकात, मग राय," म्हणजे आधी तपास, मग मत, हे त्यांचं पालुपद. म्हणून ते तहकीकातमास्तर.

शाळेचे नवे वर्ग पत्र्याचे करायचं निजामाच्या बांधकाम खात्यानं ठरवलं होतं. मास्तरांना वर माळवद हवं होतं, लाकडावर मातीचा जाड थर दिलेलं आपलं नेहमीचं छत. ते गार असतं, हे खात्याच्या साहेबाला नुसतं सांगून पटणार नव्हतं. मग अर्जाला आकडे जोडायचे म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी आम्हा दोघांना पिंगळीला धाडलं. वर्गमित्र सखारामनं स्टेशनजवळच्या पत्र्याच्या गोदामात आणि मी गावातल्या पाटलांच्या माळवदाखाली, आठ दिवस भर दुपारी आकडे टिपायचे. पदरमोड करून आणलेली दोन थर्मामीटरं त्यांनी रुमालात गुंडाळून दिली. मला म्हणाले, "घरातली म्हातारी दुपारी जिथं टेकते तिथं लाव. गारवा कुठं हाय ते तिलाच ठाव असतंय."

मी पहिल्या दिवशी गेलो. ऊन असं काही लागलं की उरलेले सात दिवस मी लिंबाखाली बसून अंदाजानं भरले. तक्ता इतका सुबक झाला की माझं मलाच कौतुक वाटलं.

तो वाचून मास्तर स्वतः पिंगळीला जाऊन आले.

"सहाव्या दिशी पाटलाच्या घरात होतास?"

"होतो, मास्तर."

"मग आभाळ दिसलं असंल. माती बदलायची म्हणून त्यांनी दुसऱ्याच दिशी माळवद उतरवलंय."

मी गयावया केली. "साहेबाला काय कळणार हाय? माळवद गार असतंयच की."

"असतंय. पण तू बघितलं न्हाईस."

अर्ज गेला नाही. पाटलांचं माळवद पुन्हा चढेपर्यंत मुदत संपली आणि वर्गांवर पत्रे आले.

पुढच्या उन्हाळ्यात मास्तर त्याच पत्र्याखाली डोक्यावर ओला पंचा घेऊन शिकवायचे. वर्ग कुणामुळे भाजतोय, हे त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. मला त्याचीच जास्त लाज वाटायची.

एका दुपारी त्यांनी रुमाल सोडून थर्मामीटर माझ्या हातात दिलं. "मधल्या बाकावर लाव. दिसंल तेच लिव."

मी बघितलं. फळ्यावर आकडा लिहिला. मास्तरांनी तो तसाच आपल्या वहीत उतरवून घेतला. तपासायला उठले नाहीत.