शिरोलीच्या फाउंड्रीत उघडलेला संगणक

कोल्हापूरचा बेत आखताय? आता हायवेने पुण्याहून चार-पाच तासांत पोचाल. मी पहिल्यांदा गेले ती पंच्याऐंशीच्या हिवाळ्यात, लाल एसटीने, मांडीवर आमच्या पुण्यातल्या प्रशिक्षण संस्थेचा छोटा संगणक घेऊन. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याच्या, कामगारांना तीन दिवसांत इलेक्ट्रॉनिक्स आणि प्रोग्रॅमिंगची तोंडओळख करून द्यायची होती. संस्थेकडे तेवढा एकच संगणक. बिघडला तरी झाकण उघडायचं नाही, असं विभागप्रमुखांनी बजावलं होतं. माझी नोकरी नवी होती.

खंबाटकी घाटात बस अशी आदळली की खोकं मांडीवरून खाली गेलं. साताऱ्याला सगळे चहा-भजी खायला उतरले. मी खोक्याला कान लावून बसले.

पहिल्या दिवशी बॅटरी, बल्ब, स्विच. वर्गातल्या सहाही कामगारांनी जोडण्या झटपट केल्या, पण कुणी बोलेना. जेवणाच्या सुट्टीत भाकरी आणि खर्डा माझ्यापुढे सरकवत, कोपऱ्यातल्या संगणकाच्या खोक्याकडे बघत दस्तगीरभाईंनी तोंड उघडलं. पन्नाशीचे गृहस्थ, कारखान्यातल्या जळालेल्या विजेच्या मोटारींत नवी तार तेच भरायचे.

"बाई, ह्ये यंत्र आलं की आमी घरला जायाचं काय?"

खोटा धीर देववेना. मला ठाऊक नाही, म्हणाले. पण ते चालवायला माणूस लागेल, आणि तो तुमच्यातला असावा म्हणून शिकवतेय. ते भाकरी मोडू लागले.

दुसऱ्या दिवशी संगणक टीव्हीला जोडला. पडद्यावर नुसत्या मुंग्या. वायर बदलली, चॅनल फिरवला, तरी मुंग्याच. चार वाजता मालक बघायला येणार होते आणि काही दिसलं नाही तर वर्ग बंद, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. तीन वाजून गेले होते.

दस्तगीरभाईंनी वायर जिथे खोचतात ती जागा बोटाने हलवून पाहिली. "आतला सोल्डरचा टाका सुटलाय. उघडू का? नको म्हणला तर न्हाय उघडत."

विभागप्रमुखांची ताकीद आठवली. पण स्क्रू-ड्रायव्हर मीच त्यांच्या हातात दिला.

दहा मिनिटांत त्यांनी झाकण काढून टाका नव्याने दिला. सोल्डरचा धूर विरला, झाकण बसलं, आणि पडद्यावर अक्षरं उमटली. मग दस्तगीरभाई स्वतःच कीबोर्डपुढे बसले. मी सांगत गेले तसा, एका बोटाने, चुकत, खोडत त्यांनी छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि संगणकाला जोडलेला टेबलावरचा लाल दिवा उघडझाप करू लागला. मालक आल्यावर समजावूनही त्यांनीच सांगितलं. कधीपासून शिकताय, असं मालकांनी विचारलं.

"कालपासनं," ते म्हणाले.

तिसऱ्या दिवशी प्रश्नांना खंड नव्हता. संध्याकाळी स्टँडजवळ तांबडा-पांढरा रस्सा खाल्ला. तुम्हीही खा, पण पांढऱ्यापासून सुरुवात करा.

पुण्यात विभागप्रमुखांनी संगणक तपासायला उघडला. कुणी हात लावला, त्यांनी विचारलं. बाहेरच्या माणसाला उघडू दिला म्हणायची हिंमत झाली नाही. "मी," म्हणाले. त्यांनी टाका निरखून पाहिला.

"हात सफाईदार आहे तुमचा."

मी "थँक्यू, सर" म्हणाले. पुढचा प्रत्येक दौरा त्याच शाबासकीवर मिळाला. नाव तेव्हाच घ्यायला हवं होतं, म्हणून उशिरा का होईना, इथे लिहिते: तो टाका दस्तगीरभाईंनी दिला होता.