टाकीवरचं फडकं

टेम्पो विकल्यावर ह्यांच्या पान्यांची पेटी तेवढी घरी राहिली. आज ती उघडली तर तळाशी लाल साडीच्या कापडाचा तुकडा निघाला, नीट घडी घातलेला. अजून डिझेलचा वास होता त्याला.

एका दसऱ्याला टेम्पो मी धुतला होता. पाणी आत जाऊ नये म्हणून डिझेल टाकीच्या झाकणावर प्लास्टिकची पिशवी घालून वरून हे फडकं करकचून बांधलं. मग त्यावरच हळदकुंकू वाहिलं आणि सोडायचं विसरले. पूजेचं असेल म्हणून ह्यांनीही हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी साड्यांचे गठ्ठे घेऊन आम्ही दोघं निघालो आणि वाटेत पलसाणा गावाजवळ गाडी धापा टाकत बंद पडली. ह्यांनी ऑइल पाहिलं, फिल्टर पाहिला. सगळं चकचकीत.

"रोज तेलपाणी बघतो मी. इंजिनच गेलं," म्हणत ते रस्त्याच्या कडेला मटकन बसले. आमचं घर त्या टेम्पोवर चालत होतं.

शेवटी डिझेल बघायला त्यांनी फडकं सोडून झाकण फिरवलं. टाकीने सुस्स करून हवा आत ओढली. झाकणाचं हवेचं भोक पिशवीखाली बुजलं होतं; हवाच आत जात नव्हती, म्हणून डिझेल पुढे येत नव्हतं. इंजिनाजवळचा डिझेलचा हातपंप मारल्यावर इंजिन धडधडलं, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. ह्यांनी फडकं खिशात घातलं. "चल, बस."

घरी दिराने गाडी का बंद पडली विचारलं तर म्हणाले, "डिझेलमध्ये कचरा होता."

आज मी फडकं त्यांच्यापुढे धरलं. "हे का ठेवलंत?"

पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "पूजेचं होतं ना. टाकायचं कसं?"